संयोजकाचं मानधन

गावातल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या पत्रकावर सगळं असतं: प्रवेश शुल्क, फेऱ्या, पहिल्या बक्षिसाची रक्कम, उद्घाटकांची नावं, झालंच तर पुढाऱ्याचा फोटो. संयोजकाला काय मिळणार, तेवढं नसतं. त्याने पैसे घ्यावेत हे आपल्याला पटत नाही, आणि तो घेत नसेल यावर विश्वासही बसत नाही.

बीड-धाराशिव रस्त्यावरच्या चौसाळ्यात एक दिवसाची स्पर्धा भरवायची असं समजू. २०० रुपये शुल्क, ८० खेळाडू, जमा १६,०००. बक्षिसं ८,०००, पंच २,५००, चषक-पदकं २,०००, जागा आणि चहा-नाश्ता २,०००. उरले १,५००. महिनाभर फोन करणाऱ्या, पट आणि घड्याळं गोळा करणाऱ्या, शेवटी खुर्च्याही उचलणाऱ्या माणसाचे हे पैसे. कुणाला जास्त वाटत असतील तर त्याने एकदा स्पर्धा भरवून बघावी. शिवाय ५० जणच आले तर जमा १०,०००, आणि बक्षिसं तर जाहीर होऊन बसलेली. चहा कमी लागला तरी चार हजारांच्या आसपासचा खड्डा त्याच्याच खिशाला.

मात्र ‘उरेल ते माझं’ हा व्यवहार मला मान्य नाही. त्यात वाचवलेला प्रत्येक रुपया संयोजकाचा होतो. मग दोन पंचांऐवजी एकावर भागतं, घड्याळं फक्त वरच्या पटांवर लागतात, नाश्त्याला बिस्किटं येतात. मानधन आधीच ठरलेलं असलं की काटकसर कुणासाठी, हा प्रश्नच उरत नाही. शिल्लक पुढच्या वर्षीच्या घड्याळांना जाते.

बीड जिल्ह्यातूनच दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तोडणीचा दर आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं कमिशन यांवर साखर संघ आणि मजूर संघटना उघड वाटाघाटी करतात, ठरलेला टक्का वर्तमानपत्रांत छापून येतो. मुकादमाचा कारभार सोवळा आहे असं कोण म्हणेल? उचलीच्या हिशेबात अडकलेली घरं इथे गावोगाव आहेत. पण त्याचा टक्का तरी लोकांना माहीत असतो. बुद्धिबळाच्या संयोजकाने त्याहून जास्त संकोच का करावा?

आकडा उघड असला म्हणजे रास्त झाला, असंही नाही. तेव्हाचा विश्वविजेता कापाब्लांका याने १९२२ साली विश्वविजेतेपदाच्या लढतीसाठी लेखी अटी घातल्या: किमान १०,००० डॉलरची थैली, त्यातले २० टक्के आधी विद्यमान विश्वविजेत्याचे, उरलेल्याची जिंकणारा आणि हरणारा यांच्यात ६०-४० वाटणी. लपवाछपवी काही नव्हती. पण एवढी रक्कम उभी करणं इतरांना जमेना, आणि १९२७ साली ब्युनॉस आयर्सला अलेखाइनशी गाठ पडेपर्यंत त्याला विजेतेपद पणाला लावावं लागलं नाही. शुल्काचंही तसंच: चौसाळ्यात एकाच घरातली दोन भावंडं खेळणार असतील तर २०० चे ४०० होतात, आणि मजुरी करणारा बाप धाकट्याला घरीच ठेवतो. भरणारी गावची मुलं आणि रोख बक्षिसं नेणारे शहरातले मुरलेले खेळाडू, असं होत असेल तर बक्षिसाचा आकडा उतरवून शुल्कही उतरवावं. पत्रकावर तो जरा कमी झळकेल, एवढंच.

तूट आली तर कोण भरणार, हेही पत्रकातच छापावं. आणि शेवटची फेरी चालू असताना जमाखर्चाचा कागद गुणतक्त्याशेजारी चिकटवावा. त्यावर पंचाची सही नको, त्याचं मानधन त्याच कागदावर आहे. खेळणाऱ्या मुलांच्या पालकांपैकी दोघांनी करावी.