पाणथळीची फिर्याद

चेन्नईच्या दक्षिण भागात पेरुंगुडी नावाची वसाहत आहे. तिच्या एका अंगाला संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती, तर दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची पाणथळ भूमी. दक्षिण चेन्नईतल्या तळ्यांचे पावसाळी पाणी या भूमीत उतरते आणि सावकाश समुद्राकडे सरकते. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी उतरतात. महानगरपालिकेने कित्येक दशके शहराचा कचरा टाकला तो या पाणथळीच्या काठावर, किंबहुना तिच्या पोटातच. २७ एप्रिल २०२२ रोजी त्या कचऱ्याला आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली. त्याच वर्षीच्या जुलैत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत पळ्ळिकरणैचा समावेश झाल्याचे जाहीर झाले.

अशा भूमीची हानी हा गुन्हा मानला, तर फिर्यादी कोण?

भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाने या प्रश्नाचे उत्तर दिले होते, पण ते मोठे सावध होते. केंद्र सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केली तरच न्यायालय दखल घेणार. सामान्य नागरिकाला तक्रार करायची तर आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागणार. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या माणसाला दोन महिने थांबण्यास सांगणाऱ्या या तरतुदीत नकळत एक क्रूर विनोद आहे. या सगळ्या व्यवस्थेत सरकारी अभियोक्त्याचे स्थान तर विलक्षणच. चालू खटला मागे घेण्याची परवानगी तो न्यायालयाकडे मागू शकतो; पण डोळ्यांदेखत घडणाऱ्या हानीबद्दल आपण होऊन खटला उभा करू शकत नाही. थांबवण्यात त्याला वाटा आहे, आरंभात नाही.

कारखानदार आणि सरकार हे दोन वेगळे पक्ष असतील, तर ही उणीव कशीबशी निभावून नेता येते. पेरुंगुडीत ते शक्य नाही. कचरा टाकणारी महानगरपालिका, तिच्यावर देखरेख ठेवणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि तक्रारीचा अधिकार असलेला अधिकारी हे सारे शासनव्यवस्थेचेच अवयव. डाव्या हाताने उजव्या हाताविरुद्ध फिर्याद करावी, अशी ही अपेक्षा आहे. हरित न्यायाधिकरण नुकसानभरपाईचे आदेश देऊ शकते, पण ते दिवाणी स्वरूपाचे आहे. कोणाला दोषी ठरवणे हे त्याचे काम नव्हे.

२०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने तर प्रश्नाचे रूपच पालटले. १९८६ च्या कायद्यातील उल्लंघनासाठी असलेली पाच वर्षांपर्यंतची कैद गेली. तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला, आणि तो ठरवणार प्रशासनातलाच वरिष्ठ अधिकारी. कैद उरली ती दंड न भरणाऱ्यापुरती. या बदलामागे युक्तिवाद नाही असे नाही. तुरुंगाची भीती दाखवूनही खटले वर्षानुवर्षे रेंगाळत होते. दंड निदान वसूल तरी होईल. परंतु दंड आणि किंमत यांतील अंतर फार थोडे असते. मोठा उद्योग पंधरा लाख रुपये खर्चाच्या बाजूला मांडून मोकळा होतो. महानगरपालिकेने दंड भरला तर तो करदात्यांच्या खिशातून जातो, म्हणजे धूर ज्याने गिळला त्याच्याही खिशातून. दोष म्हणजे काय, हे अशा हिशेबात कोठेच उमटत नाही.

अभियोक्त्याचे अधिकार वाढवण्याची मागणी या ठिकाणी अर्थपूर्ण ठरते. ब्राझीलने १९८५ च्या कायद्याने आणि पुढे १९८८ च्या संविधानाने आपल्या अभियोक्त्यांना पर्यावरणाच्या रक्षणासाठी स्वतः न्यायालयात जाण्याचा अधिकार दिला; आणि महत्त्वाचे म्हणजे, त्यांना शासनापासून स्वातंत्र्यही दिले. हे दुसरे नसेल तर पहिले व्यर्थ आहे. ज्याची नेमणूक सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा अभियोक्त्याच्या हाती वाढीव अधिकार दिले तर ते दुबळ्यांवरच चालतील. कचऱ्यातून प्लास्टिक वेचणारी बाई आग लावल्याच्या संशयाने सहज सापडते. कचरा कोठे टाकायचा हे ठरवणारी सही सापडत नाही.

गरिबीचे कारण मात्र येथे पुढे करता येणार नाही. रतलामच्या नगरपालिकेने उघड्या गटारांबाबत पैसा नसल्याची सबब सांगितली होती. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली आणि नगरपालिकेचे कर्तव्य तिच्या तिजोरीवर अवलंबून नाही असे ठरवले. तेथेही वाट फौजदारी प्रक्रिया संहितेतूनच निघाली होती, आणि दाद मागणारे होते साधे रहिवासी.

तरीही एक शंका उरते, आणि ती हलकी नाही. पेरुंगुडीचा ढीग एका माणसाने रचलेला नाही. लाखो घरांनी रोज सकाळी दाराबाहेर ठेवलेल्या बादल्यांतून तो वाढला. २०१६ च्या जानेवारीत मुंबईत देवनारचा कचरा पेटला, तेव्हाही धुराने कासावीस झालेले शहर आपल्याच उष्ट्याचा वास घेत होते. फौजदारी कायद्याला आरोपी नावानिशी हवा असतो. सर्वांनी मिळून केलेल्या कृत्याचा दोष एकावर ठेवणे अन्याय नव्हे काय? अन्याय होईल, जर ते कृत्य खरोखरच सर्वांचे असेल तर. पण बादली दारात ठेवणे आणि ती पाणथळीत रिती करण्याचा हुकूम काढणे, या दोन कृती एक नव्हेत. पहिलीत पर्याय नव्हता. दुसरीत तो होता, आणि तो नाकारला गेला.

आता पेरुंगुडीत जुना कचरा उकरून, चाळून, वेगळा करण्याचे काम हाती घेतले गेले आहे. थरामागून थर वर येतो. उद्या खरोखरच स्वतंत्र अभियोक्ता तेथे आला, तर आग कोणी लावली हा त्याचा पहिला प्रश्न नसावा. पाणथळीत कचरा टाकण्याचा ठराव ज्या कागदावर झाला, तो कागद कोणत्या कपाटात आहे, हे त्याने आधी विचारावे.