समुद्राचा वाटा

नारळी पौर्णिमेला आमच्याकडचे कोळी समुद्राला नारळ वाहतात, आणि त्याच खाडीकाठी आम्ही शेतकरी समुद्र आत येऊ नये म्हणून बांध घालतो. ज्याची पूजा करायची त्यालाच दाराबाहेर उभं करायचं, हा कुठला धर्म?

आमचं गाव अलिबागच्या खारेपाटात. उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी शेताच्या पातळीच्या वर चढतं. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतो आणि तळ्यात जिताडा वाढतो. पूर्वी जोळाची पद्धत होती. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस निघायचा, भर पावसात, रात्रीसुद्धा. पुढे १९४८ आणि १९७९ चे खारभूमी कायदे झाले, बरेच बांध सरकारकडे गेले आणि जोळ मागे पडला.

बांधाच्या बाहेर तिवरं. त्यांची मुळं चिखलातून बोटं वर काढून श्वास घेतात. पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण झाड खारं पाणी पिऊन मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. लाट या मुळांत शिरते आणि बांधापर्यंत येता येता तिचा जोर ओसरतो. पट्टा रुंद असेल तरच, हेही खरं.

परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण वसवलं, ही कथा आम्हाला प्रिय, कारण तिच्यात समुद्र मुकाट मागे सरतो. मला मात्र रामायणातला समुद्र पटतो. राम तीन रात्री दर्भावर पडून वाट मागतो. शेवटी धनुष्य उचलतो तेव्हा समुद्र प्रकट होऊन सांगतो, की पृथ्वी, वारा, पाणी सगळे आपापल्या स्वभावाने राहतात, अथांग असणं हा माझा स्वभाव. तो स्वभाव सोडत नाही, तरी सेतू पेलतो. आमच्या बांधाला आणि तिवरांना मी याच सलोख्यात धरतो.

किनाऱ्यावरच्या दगडी भिंतीत हा सलोखा नाही. लाट तिच्यावर आपटून परत फिरते, पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत संपते तिथे शेजारच्या वाडीचा किनारा तुटतो. जिथे घरं ऐन काठावर आली आहेत तिथे ती लागेलही. पण आपली राखण करताना शेजाऱ्याचा घात होतो, याला मी पापच म्हणेन.

तिवरांचीही एक बाजू मनाला सलते. खांड वेळेवर बुजली नाही, खारं पाणी शेतात राहिलं, तिवरं उगवली. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या तोडीवरची राज्यभराची बंदी कायम केली, ती योग्यच. पण ज्याच्या सातबाऱ्यावरच्या शेतात हे रान उभं राहिलं, तो बांधाकडे बघत बसतो. समुद्राला वाटा द्यायलाच हवा, असं मी मानतो. तो द्यायचा गावाने. एकाची भाकरी काढून दिलेला नैवेद्य कुठला देव घेईल? ज्यांची शेतं तिवरांखाली गेली त्यांना त्या राखणीचा मोबदला मिळाला पाहिजे. कुठली खांड बुजवायची आणि कुठली जागा खाडीला सोडायची, हे ग्रामसभेत कोळी आणि शेतकरी एकत्र बसून, पावसाळ्याआधी ठरलं पाहिजे.