सरमेचा प्रश्न

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण एरवी माणसांसाठी वापरतो. अलीकडे बऱ्हाणपुरातील कित्येक मराठी घरांत ती खुद्द कुत्र्याविषयीच ऐकू येऊ लागली आहे. दोन महिन्यांचे पिल्लू घरात येते तेव्हा ते सर्वांच्या मांडीवर असते. वर्ष-दीड वर्षात त्याचा उमदा कुत्रा होतो आणि तक्रारी सुरू होतात. हाक मारली तर येत नाही, साखळी ओढतो, पाहुण्यांच्या अंगावर उडी घेतो, चपला फाडतो, खाताना जवळ गेले तर गुरगुरतो. मग घरात तीन उपाय सुचवले जातात: चार फटके द्यावेत, बांधून ठेवावे, नाहीतर तापीपलीकडे नेऊन सोडून द्यावे. हे तिन्ही उपाय घरगुती सोयीचे म्हणून बोलले जातात. वास्तविक ते तीन नैतिक निर्णय आहेत. शिक्षा, बंदिवास आणि हद्दपारी यांचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला, हे निदान एकदा तपासून पाहिले पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमा या देवशुनीचा पुत्र येतो आणि राजाचे भाऊ त्याला मारून हाकलून लावतात. तो रडत आईकडे जातो. आई प्रथम त्यालाच विचारते, तुझा अपराध काय झाला? तो सांगतो, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटलेही नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या मुलाला का मारले? त्यावर कोणीही उत्तर देत नाही. सरमा शाप देते की, ज्याअर्थी निरपराध्याला मारले त्याअर्थी तुमच्यावर न दिसणारे भय येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभीच एका कुत्र्याच्या आईने राजकुळाला न्यायाचा जाब विचारावा, ही गोष्ट साधी नव्हे.

शिक्षेला अपराध लागतो आणि अपराधाला नियमाचे ज्ञान लागते. ‘पण त्याला कळते, ओरडलो की मान खाली घालतो,’ असे आपण म्हणतो. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हेच तपासले. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसे. म्हणजे जिला आपण कबुली समजतो ती केवळ भीती असते. दुपारी फाडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी मार खाणाऱ्या कुत्र्याला एवढेच कळते की, संध्याकाळी घरी येणारा माणूस मारतो.

आता वयाचा विचार करू. कुत्र्यालाही पौगंडावस्था असते. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत ती चालते. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ महिन्यांचे कुत्रे पाच महिन्यांच्या वयापेक्षा आज्ञा कमी पाळताना आढळले; आणि लक्षणीय गोष्ट ही की, ही अवज्ञा सांभाळणाऱ्या माणसाशी होती, परक्याशी नव्हती. आपल्या घरातील पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांशी नम्रपणे बोलतो आणि आईला उलट उत्तर देतो, त्याची येथे आठवण व्हावी. मुलाचे ते वय निघून जाईल असा धीर आपण धरतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हाच काळ त्याचा कायमचा स्वभाव ठरवला जातो.

याला एक सामाजिक अंगही आहे. उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्या काळापासून येथे राहिलेल्या घराण्यांच्या वाड्यांतून कुत्रा असे तो दिंडी दरवाजाशी. गल्ली त्याची, रात्रीची राखण त्याची. त्याचे भुंकणे ही चाकरी होती. आज वाडे मोडून कॉलन्या झाल्या आणि धिप्पाड जातीचा कुत्रा तीन खोल्यांत आला. राखण करण्यासाठी, धावण्यासाठी, वास घेण्यासाठी माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला हा प्राणी दिवसभर रिकामा बसतो, आणि जे गुण हवे म्हणून आपण जोपासले त्यांनाच आता खोड म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, मग चावू द्यायचे काय? मुळीच नाही. शेजारच्या मुलाची सुरक्षितता हा कुत्र्याच्या निरपराधीपणाहून लहान प्रश्न नाही. परंतु कुत्रा निरपराध ठरला म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही. ती पाळणाऱ्याकडे येते. रेबीजची लस वेळेवर देणे, रस्त्यावर दोरी हातात ठेवणे, पाहुण्यांच्या वेळी त्याला आत घेणे, स्वभाव एकाएकी बदलला तर दुखणे नाही ना हे पशुवैद्याला दाखवणे, ही सगळी कामे माणसाची. आपल्याकडच्या मे महिन्यात फरशी आणि डांबर तापण्याआधी, सूर्योदयापूर्वी त्याला राजघाटाकडे तासभर फिरवून आणणे, हेही त्यातच येते.

शिकवण्याची रीतही तपासावी. कुत्र्यावर सत्ता गाजवली नाही तर तो डोक्यावर बसतो, ही समजूत 1947 मध्ये श्वेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पसरली. तिचा प्रसार ज्यांच्या ग्रंथाने केला त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये दाखवले की, रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असलेले कुटुंब असते. पोर्तुगालमध्ये 2020 साली झालेल्या अभ्यासात दटावून, हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांत ताण अधिक आढळला. उडी मारल्यावर लाथ घालण्यापेक्षा, चारी पाय जमिनीवर असताना त्याला जवळ घेणे आणि खाऊ देणे, हे रोज घडले तर त्याला काय हवे ते कळते. यास महिने लागतात. धीर हीच येथे नीती आहे.

आपला कायदाही मालकाकडेच बोट दाखवतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात मारणे आणि विनाकारण सोडून देणे हे गुन्हे आहेतच. शिवाय फार आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हेही गुन्हे आहेत.

सरमेच्या शापातील न दिसणारे भय मला अगदी लौकिक वाटते. गुरगुरणे हा कुत्र्याचा इशारा आहे. गुरगुरला म्हणून त्याला वारंवार मारले तर तो इशारा द्यायचे सोडतो; भीती मात्र आत तशीच राहते. असा कुत्रा एके दिवशी कोणताही आवाज न करता चावतो, आणि आपण म्हणतो, ‘एकाएकी चावला.’ ते एकाएकी नसते.

म्हणून हात उचलण्यापूर्वी, साखळी आखडण्यापूर्वी, गाडीत घालून नदीपार नेण्यापूर्वी सरमेने विचारलेला प्रश्न स्वतःला विचारावा: याचा अपराध काय? यज्ञमंडपातील राजपुत्रांजवळ उत्तर नव्हते. आपल्याजवळही नसेल, तर दोरी हातात घेऊन त्याच्यासोबत तासभर चालून यावे. म्हणीतील शेपूट तर वाकडेच राहील; पण तो त्याचा दोष नव्हे, आणि ते नळीत घालण्याची आपल्याला गरजही नाही.