साडी नेसलेली पवित्र मरिया



बीडहून जुन्या गोव्याच्या यात्रेला जाऊ, तेव्हा मुलांना पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जतन केलेली आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांची चित्रेही दाखवू या. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली. गोव्यात टीका झाली, तरी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते रंगवत राहिले.

“आई, ही तर तुझ्यासारखीच!” असे लेकरू म्हणाले, तर त्याला गप्प बसवू नये. ते खरेच बोलते आहे. देवपुत्राने मानवी देह घेतला, तो आपल्यातलाच झाला. मग ऊसतोडीहून परतलेली माउली मिस्साला मागे दाराशीच बसली असेल, तर तिला मानाने पुढे बोलावू या.

आमेन.