उरलेल्या पिना कोणाच्या?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखानदाराला भूखंड मिळतो तो मालकीने नव्हे, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. आणि त्यालाही मुदतीची अट असते. ठरलेल्या काळात बांधकाम पूर्ण केलं नाही, तर मुदतवाढीसाठी पैसे भरावे लागतात, नाहीतर भूखंड हातचा जाऊ शकतो. ही अट प्रशासनाच्या सोयीची असेल, पण तिच्यात एक नीतिविचारही आहे : जे आपण वापरत नाही आणि दुसऱ्यालाही वापरू देत नाही, त्यावरचा आपला हक्क केवळ पैसे मोजल्याने पक्का होत नाही. जमिनीच्या बाबतीत हे चटकन पटतं. तळहाताएवढ्या संगणकावरच्या चाळीस पिनांनाही ते लागू होतं का, हे तपासून पाहण्यासारखं आहे. अपरिग्रह म्हणजे नेमकं काय, या जुन्या प्रश्नाचा एक कोपरा तिथे फार स्वच्छ दिसतो.

समजा, या वसाहतीतल्या एखाद्या टॉवेलच्या शेडमध्ये माग किती वेळ बंद राहतो याची नोंद ठेवायला रॅस्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवला आणि इशाऱ्याचे दिवे लावायला त्यावर तीन रिलेंचा जोडबोर्ड चढवला. पायच्या हेडरवर, म्हणजे पिनांच्या पट्टीवर, ४० पिना असतात : ५ व्होल्टच्या २, ३.३ व्होल्टच्या २, ग्राउंडच्या ८, जोडबोर्डाची ओळख वाचण्यासाठी राखलेल्या २, आणि उरलेल्या २६ वापरणाऱ्याच्या. तीन रिलेंना हुकूम द्यायला तीन पिना पुरतात. पण बोर्डाच्या पोटाखालचा सॉकेट चाळीसही पिना गिळून बसतो. तेवीस पिना मोकळ्या, आणि एकीलाही वायर लावता येत नाही. उद्या ताण्याचा धागा तुटल्याचं सांगणारा सेन्सर जोडायचा झाला, तर जागा असून नसल्यासारखी. बोर्ड बनवतानाच लांब पायांचा हेडर लावला असता, तर त्याच पिना बोर्डातून आरपार वर आल्या असत्या. त्याला खर्च फारसा नाही. म्हणजे अडचण तंत्राने आणलेली नाही, कोणीतरी तशी निवड केली आहे. आणि जिथे निवड आली तिथे नीती आलीच.

या अडवणुकीला परिग्रह म्हटलं, की पहिला आक्षेप तत्त्वज्ञानातूनच येतो. पतंजलींनी अपरिग्रहाला यमांत स्थान दिलं, जैनांनी पाच व्रतांत. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात तर परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर ठेवलेलीच नाही. मनाच्या आसक्तीवर ठेवली आहे. मग ज्या सॉकेटला मन नाही, त्याला परिग्रही कसं म्हणायचं? आक्षेप वजनदार आहे, पण तो सॉकेटला लागू पडतो, सॉकेट आखणाऱ्याला नाही. बोर्डाची आखणी हा माणसाचा निर्णय असतो आणि तो निर्णय पुढच्या माणसाला बांधून टाकतो. आखणाऱ्याच्या मनात हाव नसेलही. ‘याच्यानंतर आणखी कोणाला काही जोडायचं असेल’ हा विचारच नसेल. मात्र आसक्तीचं हेही एक रूप आहे. आपली गरज संपली तिथे जगाची गरज संपली असं धरून चालणाऱ्या माणसाला लोभी म्हणता येत नाही, तरी त्याच्यामुळे दुसऱ्याची वाट अडतेच. व्रताचा उगम मनात असला तरी त्याचा भंग बाहेर, दुसऱ्याच्या अडचणीत दिसतो.

दुसरा आक्षेप कारागिराचा, आणि तो जास्त अवघड आहे. झाकलेली पिन सुरक्षित असते. हेडरवर तिसरी पिन ३.३ व्होल्टपुरतीच बनलेली, तिच्या शेजारची चौथी ५ व्होल्टची; वायरीचा एक सुटा केस दोघींना टेकला की चिप जायला वेळ लागत नाही. मागांच्या धडधडीत आणि तुसात पिना उघड्या ठेवणं शहाणपणाचं नाही. शिवाय पायवर चढणाऱ्या ‘हॅट’ जोडबोर्डांसाठी जुलै २०१४ मध्ये आलेल्या नियमावलीनेच पूर्ण ४० पिनांचा सॉकेट बंधनकारक केला होता. बनवणाऱ्याने नियम पाळला तर त्यात दोष काय? याचं उत्तर त्याच नियमावलीत सापडतं. आपण कोण आहोत आणि कोणत्या पिना घेतल्या आहेत, हे जोडबोर्डाने आपल्या छोट्या मेमरीत लिहून ठेवावं, अशी तिची अपेक्षा होती. दोन राखीव पिना त्यासाठीच. म्हणजे राखणं आणि अडवणं यांतला फरक तिलाही ठाऊक होता. सोलापुरी चादर विणणाऱ्यांना तो अधिकच ठाऊक असणार. मागावर नक्षी उठवणाऱ्या ४०० च्या जॅकार्ड यंत्राला हुक असतात ४०८, ५१च्या आठ ओळी. जादा आठ हुक काठासारख्या कामांसाठी हाताशी ठेवलेले. ते रोजच्या नक्षीत नसतात, पण कशासाठी आहेत हे माहीत असतं आणि गरज पडली की हात पोचतो. राखीव वस्तूची कसोटी हीच. टोपण घातलेली पिन राखलेली म्हणता येते, कारण टोपण काढता येतं. सॉकेटाखाली गेलेली पिन अडवलेली. डिसेंबर २०२३ च्या हॅट प्लस नियमावलीने बोर्डावर बोर्ड रचण्याची सोय अधिकृतपणे मान्य केली, ती उशिरा का होईना, याच दिशेने.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : मोकळं ठेवलं की भांडणं होतात, एका पिनेवर दोघे दावा सांगतात. खरं आहे. पण आयटूसी जोडणीत तिसऱ्या आणि पाचव्या पिनेवर, दोनच तारांवर, अनेक उपकरणं सुखाने नांदतात. सात बिटांच्या १२८ पत्त्यांपैकी ११२ त्यांना मोकळे असतात. दोघांचा पत्ता एकच निघाला की मात्र गोंधळ होतो. म्हणून शिस्त लागते, वाटप बंद करावं लागत नाही. वाटपाला शिस्त नसली तर काय होतं, हे आपण मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. १९५१ मध्ये विनोबांनी पोचमपल्लीत भूदान सुरू केलं. पुढे मिळालेल्या जमिनीतली बरीच नापीक किंवा वादातली निघाली. उरलेलं देणं पुरेसं नाही, ते वापरता येईल असं द्यावं लागतं. पिन वर आणली, पण शेजारी ग्राउंड नाही, कोणती पिन कोणाची हे बोर्डावर छापलेलं नाही, तर तेही नापीक दानच.

या सगळ्यातून अपरिग्रहाचा एक कमी चर्चिला गेलेला अर्थ हाती येतो. कमीत कमी घेणं हा त्याचा सोपा भाग झाला. घेतलेल्याचा हिशेब उघड ठेवणं आणि न घेतलेल्यापर्यंत दुसऱ्याला आपल्या परवानगीवाचून पोचता येणं, हा अवघड भाग. या मापाने मोजलं तर चाळीसही पिना खरोखर कामाला लावणारा बोर्ड परिग्रही ठरत नाही. तीन वापरून तेवीस अडवणारा ठरतो.