हेतूविना हिंसा : वायुगळती, प्रमाद आणि दायित्व

खतकारखान्यातून विषारी वायू सुटतो तेव्हा तो बहुधा कोणी जाणूनबुजून सोडलेला नसतो, आणि म्हणूनच नीतिविचारापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो : ज्या हानीमागे कोणाचाही हेतू नाही तिला हिंसा म्हणावे की केवळ दुर्दैव? बौद्ध परंपरेने कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे कृतीमागील संकल्पात, पाहिले. तेवढीच कसोटी लावली तर असा प्रत्येक अपघात निर्दोष ठरेल, परंतु त्याच परंपरेने अप्रमादाला, म्हणजे अखंड सावधपणाला, सर्व कुशल धर्मांचे मूळ मानले आहे, हे विसरता येत नाही. जैन विचाराने तर प्रमाद हिंसेच्या व्याख्येतच आणला. प्रमादयुक्त वर्तनातून होणारा प्राणघात ती हिंसा, असे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचे म्हणणे आहे. आणि कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार त्याही पुढे जाऊन सांगते की, बेसावधपणे वागणाऱ्याच्या हातून प्रत्यक्षात कोणाचा जीव गेला नसला तरी तो हिंसेपासून मुक्त नसतो.

हा विचार कारखान्याच्या आवारात किती नेमका लागू पडतो, हे अमोनियाच्या उदाहरणावरून दिसते. युरियासाठी लागणारा अमोनिया सामान्य दाबाला उणे 33 अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूप होतो, म्हणून मोठ्या टाक्यांत तो तेवढा थंड राखला जातो. वायुरूप अमोनिया हवेपेक्षा हलका असतो खरा. पण हा थंड द्रव अचानक बाहेर पडला तर हवेतील बाष्पासह त्याचे पांढरे धुके होऊन जमिनीलगत पसरते, आणि पाण्याची त्याला विलक्षण ओढ असल्याने ते डोळे, घसा व फुप्फुसे अशा ओलसर अवयवांना जाळते. त्याच गुणामुळे पाण्याचे फवारे हा त्यावरचा उपायही ठरतो. मात्र फवारा धुक्यावर मारायचा असतो, साचलेल्या द्रवावर नव्हे, कारण पाण्याची ऊब मिळताच तो द्रव अधिक वेगाने उकळू लागतो. हे ज्ञान ऐन संकटात सुचत नाही, ते आधी अंगवळणी पडलेले असावे लागते. जैन मुनींना आदाननिक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहून जपण्याचे बंधन, पाळावी लागते. टँकरला नळी जोडण्यापूर्वी ती तपासणारा, झडप फिरवण्यापूर्वी पुढची वाहिनी रिकामी असल्याची खात्री करणारा कामगार तेच व्रत वेगळ्या वेषात पाळत असतो. उलट, गंजलेला बोल्ट पुढच्या शटडाऊनला बघू म्हणून तसाच ठेवला गेला, तर गळती झाली नाही त्या दिवसांतही प्रमाद चालूच असतो.

तथापि, सावधपणा पाळूनही हानी झाली तर काय, हा प्रश्न उरतोच. भोपाळच्या दुर्घटनेला जेमतेम वर्ष उलटत असताना, 4 डिसेंबर 1985 रोजी, दिल्लीतील श्रीराम फूड अँड फर्टिलायझर या उद्योगात टाकीचा आधार कोसळून ती फुटली आणि ओलियम, म्हणजे तीव्र गंधकाम्लात सल्फर ट्रायऑक्साइड विरघळवून केलेले द्रव्य, बाहेर पडले. या संकुलाच्या 3 किलोमीटरच्या परिघात सुमारे 2 लाख लोक राहत होते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर डिसेंबर 1986 मध्ये सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. इंग्लंडमधील 1868 च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या निवाड्यापासून चालत आलेल्या कठोर दायित्वाच्या नियमात दैवी आपत्ती किंवा त्रयस्थाची करणी यांसारखे अपवाद होते. घटनापीठाने धोकादायक उद्योगांना ते नाकारले आणि सर्व काळजी घेतली होती, हा बचावही अमान्य केला.

वरवर पाहता येथे धर्मविचार आणि न्यायविचार यांची फारकत होते, कारण कुंदकुंदांच्या मते सावध व्यक्तीला कर्माचा बंध लागत नाही, तर न्यायालयाच्या मते सावध उद्योगही सुटत नाही. दोष आणि दायित्व यांतला भेद ध्यानात घेतला म्हणजे हा विरोध मावळतो. दोष हा कर्त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. दायित्व हे ज्याची फुप्फुसे भाजली त्याला द्यायचे देणे आहे, आणि कर्ता निर्दोष ठरला म्हणून जखमीची जखम भरत नाही. शिवाय खताचा लाभ दूरच्या शेतांना व उद्योजकाला मिळतो, तर धोका भिंतीला लागून राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो, आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नसते.

म्हणूनच कारखाने अधिनियमात 1987 साली झालेल्या दुरुस्तीने धोक्यांची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देणे बंधनकारक केले, आणि 1989 च्या नियमांनी आवाराच्या आत व बाहेर आपत्कालीन आराखडे आवश्यक ठरवले. हे आराखडे कपाटात राहिले आणि रंगीत तालीम केवळ नोंदवहीत उरली, तर कायद्याचे अक्षर पाळले जाते, अहिंसा पाळली जात नाही. भोंगा वाजला म्हणजे काय समजायचे आणि वाऱ्याला आडवे होऊन कोणत्या वाटेने निघायचे, हे भिंतीपलीकडच्या माणसाला ठाऊक नसेल, तर वायूचा एक कणही सुटलेला नसताना तेथे हिंसा घडत आहे, असेच म्हटले पाहिजे.