नक्कल आणि फेरफार

कर्जतच्या मामलेदार कचेरीत ज्यांनी कामानिमित्त चार खेटे घातले आहेत, त्यांना ‘नक्कल’ आणि ‘फेरफार’ या दोन शब्दांमधील अंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही. नक्कल म्हणजे दप्तरी जे आहे ते अक्षरशः उतरवून शिक्क्यानिशी हाती ठेवलेला कागद. तिने जमिनीत काडीचाही पालट होत नाही. फेरफार म्हणजे वारसाने, खरेदीने वा वाटणीने हक्कात जो बदल झाला त्याची रीतसर नोंद. जमीन तीच, गट नंबर तोच, चतुःसीमाही त्याच, पण कसणारा नवा. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा जुन्या झाल्या म्हणजे त्यांनाच नवा रंग देऊन पुन्हा पडद्यावर आणण्याचा जो प्रघात आज पडला आहे, त्याविषयी गेल्या चाळीस वर्षांत माझ्या मनात जे विचार आले, पालटले आणि अखेर स्थिरावले, त्यांची हकीकत सांगावयास बसलो असता हेच दोन शब्द प्रथम आठवले, हा आमच्या तालुक्याच्या पाण्याचा गुण असावा.

स्टेशनाकडून निघून उल्हास नदीचा पूल ओलांडला की दहिवली लागते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले खरे. पण वरळीचा मनोरा आणि आमचे कौलारू घर यांच्यामध्ये माथेरानचा डोंगर आडवा उभा असल्याने, दहा-बारा वर्षांनी संच घरी आला तेव्हाही त्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी आमच्यापर्यंत थकून भागूनच पोहोचत. बांबूच्या टोकाला बांधलेला अँटेना धरून थोरला भाऊ कौलांवर उभा राही, आणि माजघरातून आमचा एकच घोष चाले: “आलं, आलं... गेलं!” ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका दूरदर्शनने दाखविली ती आम्ही अशीच पाहिली. एखाद्या अज्ञात ग्रहावर नायक संकटात सापडावा आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटावे, हे इतक्या वेळा घडले की, कित्येक कथांचा शेवट आम्ही कधी पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत तो शेवट ज्याने त्याने आपापल्या बुद्धीप्रमाणे रचावा, आणि एकाच कथेचे चार निकाल लागून त्यावरून हातघाईवर यावे, असा क्रम असे. कथेने प्रश्न टाकून निघून जावे आणि उत्तराचा भार आपल्या माथी राहावा, यातली गोडी मला त्या मुंग्यांनी लावली, हे आज कळते; तेव्हा मात्र त्या मुंग्यांना आम्ही शिव्याच घालीत असू.

त्या वयात विज्ञानकथा म्हणजे केवळ नावीन्य, ही माझी पहिली समजूत. वाचनालयातून भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला जूल व्हर्न मिळे, जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह हातोहात फिरे, आणि दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’, पुढे ‘इंद्रधनुष’ यांसारख्या स्वदेशी मालिका लागत. त्यांतील यंत्रे पुठ्ठ्याची आहेत हे आम्हाला दिसत नसे असे नाही. पण जे कोणी पूर्वी कल्पिले नव्हते ते आज आपल्यासमोर कल्पिले जात आहे, या एका आनंदात पुठ्ठ्याचे पुठ्ठेपण विरून जाई.

१९९० नंतर केबलची तार आली आणि माथेरानचा डोंगर निरुपयोगी ठरला. चित्र स्वच्छ झाले, कथा पूर्ण दिसू लागल्या, आणि तेथूनच माझ्या निराशेस प्रारंभ झाला. १९५९ साली सुरू झालेला ‘ट्वायलाइट झोन’ १९८५, २००२ आणि २०१९ अशा तीन वेळा पुन्हा उभा करण्यात आला. १९६५ चा ‘लॉस्ट इन स्पेस’ २०१८ साली परतला. १९६७ चा ‘प्रिझनर’ आणि १९८३ चा ‘व्ही’ हे दोघेही २००९ साली नवी वस्त्रे लेवून आले. यांतील ‘व्ही’ची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. आकाशातून मित्रभावाने उतरलेले परके हळूहळू धनी होतात आणि सुबुद्ध, सज्जन, शेजारधर्म पाळणारी माणसे त्यांच्यापुढे एकेक पाऊल मागे सरत जातात, हे मूळ कर्त्याने रचले ते हुकूमशाही घरात कशी शिरते हे दाखविण्यासाठी. परग्रहवासी हे त्याला निमित्तमात्र होते. नव्या आवृत्तीत आकाशयाने पहिल्याहून भव्य झाली, परंतु त्या शेजाऱ्याच्या मनातील भित्रेपणाकडे कोणी पूर्वीच्या आस्थेने पाहिले नाही. चौकट राहिली, तसबीर गेली.

असे का होते, याचे व्यावहारिक कारण उघड आहे. मालिका काढणे हा पैशाचा खेळ. नव्या नावाची ओळख करून देण्यास जो खर्च आणि धोका पत्करावा लागतो, तो जुन्या नावाने वाचतो. आपल्याकडेही निराळे नाही. एकच बंगाली कौटुंबिक मालिका मराठीत ‘आई कुठे काय करते’ होते आणि हिंदीत ‘अनुपमा’ होते, याचे मर्म हेच की, एका बाजारात खपलेला माल दुसऱ्या बाजारात खपेल अशी व्यापाऱ्याची अटकळ असते. व्यापाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु भविष्याची कल्पना करणे हाच ज्या वाङ्मयप्रकाराचा धर्म, त्याने भूतकाळाच्या व्याजावर उदरनिर्वाह करावा, हे मला धर्मलोपासारखे वाटू लागले. पुनरावृत्ती हेच पाप, अशी माझी दुसरी समजूत झाली, आणि बरीच वर्षे ती मी मोठ्या अभिमानाने मिरविली.

तिला पहिला तडा गेला तो आपल्याच वाङ्मयाचा इतिहास चाळताना. मराठी विज्ञानकथेचा उगम शोधू जाता आपण जाऊन पोहोचतो ते कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकापाशी, आणि तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी आढळते ते व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर! म्हणजे ज्या झऱ्याचे पाणी मी शुद्ध मानीत होतो, त्याचा उगमच उसन्या पाण्यात होता. रंगभूमीची तीच कथा. देवलांचा ‘झुंजारराव’ शेक्सपियरच्या ऑथेल्लोवरून घडला, पु. ल. देशपांडे यांची १९७५ ची ‘ती फुलराणी’ शॉच्या नाटकावरून. पण फुलराणीस नक्कल म्हणण्याची कोणाची छाती आहे? लंडनच्या बोलीचा प्रश्न त्यांनी मराठी जिभेवर आणून ठेवला, तेव्हा शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली आपण माणसास माणसापासून कसे तोडतो, हा आपला स्वतःचा प्रश्न आपल्यासमोर उभा राहिला. जमीन शॉची, कसणारा निराळा, पीक सर्वस्वी येथले.

दुसरा तडा देवळात गेला. आमच्या आळीत रामनवमीच्या उत्सवात दरवर्षी कीर्तन होई आणि येणारे बुवाही बहुधा तेच असत. एके वर्षी उत्तररंगास त्यांनी ध्रुवाचे आख्यान लावले, तेव्हा माझ्याजवळ बसलेल्या एका तरुणाने “पुन्हा तेच” म्हणून उठण्याची तयारी केली. मी त्याला हाताने बसविले, ते केवळ सभ्यतेखातर. पण पूर्वरंगात बुवांनी जो विषय मांडून ठेवला होता तो नवा होता. त्या वर्षांत आमच्या तालुक्यात शेते विकून फार्महाऊस होऊ लागली होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या बांधावर कुंपणाची तार आली होती. बुवांनी कोणाचे नाव न घेता एवढेच विचारले की, ज्याला हात धरून उठविता येते ती जागा आपली म्हणावी काय? मग बुक्का लागला, हार पडला, झांज वाजली आणि बापाच्या मांडीवरून उठविलेले ते पाच वर्षांचे पोर रानाकडे चालू लागले. आणि मी पाहिले तो पुढच्या रांगेतील दोन म्हातारे उपरण्याने डोळे पुसत होते. आख्यान शंभर वेळा ऐकलेले. शब्द, चाल, फार काय हातवारेही ठरलेले. नवा होता तो केवळ पूर्वरंगातला प्रश्न, आणि त्या प्रश्नाच्या उजेडात जुने आख्यान त्या वर्षाचे झाले.

त्या रात्री माझी दुसरी समजूत गळून पडली. पुनरावृत्ती हा दोष नव्हे. पूर्वरंगावाचून उत्तररंग लावणे हा दोष. या कसोटीने मी टाकून दिलेल्या मालिकांकडे पुन्हा पाहू लागलो, तेव्हा काहींची क्षमा मागावी लागली. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही १९७८ ची मालिका अवकाशयुद्धाच्या एका लोकप्रिय चित्रपटाच्या लाटेवर स्वार झालेली, रंजक पण उथळ. २००३ साली तिची पुनर्निर्मिती झाली तेव्हा सप्टेंबर २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला होऊन गेला होता. मूळ कथेतले यांत्रिक शत्रू नव्या कथेत हुबेहूब माणसासारखे दिसू लागले, आणि शत्रू ओळखू येत नाही तेव्हा समाज स्वतःच्या कायद्याशी कितपत इमान राखतो, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. पुढे तर, अमेरिकेचे सैन्य इराकमध्ये ठाण मांडून बसले असता, त्याच अमेरिकी मालिकेने मानवांना परसत्तेखाली दडपलेले बंडखोर करून दाखविले आणि प्रेक्षकाची सहानुभूती त्यांच्या पारड्यात टाकली. हा फेरफार होय. एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची १८९८ ची कादंबरी साम्राज्य चालविणाऱ्या इंग्रजास जिंकलेल्याची जागा दाखविणारी. तीच कथा ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने रेडिओवर बातम्यांच्या थाटात सांगितली, तेव्हा प्रश्न साम्राज्याचा उरला नाही, कानावर पडलेल्या बातमीवर भरवसा किती ठेवावा याचा झाला. हाही फेरफारच.

या विचाराची तिसरी पायरी मला दाखविली ती नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या एका मालिकेने. १९६१ साली, म्हणजे नारळीकर केंब्रिजला त्यांच्या हाताखाली संशोधन करीत असतानाच, हॉइल आणि जॉन एलियट यांनी लिहिलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका बीबीसीने दाखविली. दूरच्या तारकाविश्वाकडून एक संदेश येतो; तो उलगडता त्यात एका संगणकाची रचना सापडते; माणसे तो संगणक उभारतात, आणि आपण उभारलेले हे यंत्र कोणाच्या हेतूने चालले आहे हे त्यांना उमगत नाही. त्या मालिकेच्या बहुतेक चित्रफिती पुढे जतन झाल्या नाहीत. २००६ साली बीबीसीने तीच कथा पुन्हा, पण एकाच चित्रपटात आटोपती घेऊन, सादर केली. येथे मी थबकलो. ज्याचे मूळ दप्तर गहाळ झाले आहे त्याची नक्कलही मोलाची असते, हे कोणताही कारकून सांगेल. पण त्याहून महत्त्वाचे असे की, ज्याच्या आतले व्यापार आपणांस पुरते समजत नाहीत असे यंत्र आपणच उभारावे आणि मग त्याचा सल्ला घ्यावा, हा हॉइल यांचा प्रश्न १९६१ साली कल्पनेचा होता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणजे काही कथा पुन्हा सांगाव्या लागतात त्या शिळ्या झाल्या म्हणून नव्हे, तर त्यांची वेळ आता आली म्हणून.

मग आपल्या दूरचित्रवाणीकडे पाहून खेद वाटतो. येथून जवळच, चौकच्या बाजूस, नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेली चित्रनगरी आहे. एकाच आवारात ‘जोधा अकबर’ची बादशाही उभी राहिली आणि ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचा शिवकालही. भूतकाळ उभारण्याचे सामर्थ्य आमच्या डोंगरपायथ्याशी आहे, याचा मला अभिमान वाटतो. भविष्यकाळ उभारावयास मात्र तेथे कोणी फारसे येत नाही. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्यासारख्यांनी लिहून ठेवलेले भांडार मराठीत असताना, आमच्या वाहिन्यांनी परमुलखातील खपलेली नावे धुंडाळीत बसावे, हे घरी विहीर असता शेजाऱ्याच्या रांजणाकडे पाहण्यासारखे आहे. ते भांडार पडद्यावर आणणे हीदेखील पुनरावृत्तीच ठरेल. पण ती हवीशी पुनरावृत्ती असेल, कारण पाणीटंचाई, शहरांचा पसारा, यंत्रापुढे हतबुद्ध झालेला पदवीधर, असे आमचे प्रश्न तिला पूर्वरंगासाठी केव्हाचे तिष्ठत आहेत.

पुनर्निर्मिती पारखण्याची एक साधी रीत वाचकांस सुचवून हा लेख पुरा करतो. मालिकेचे नाव हाताने झाकावे, आणि या अनोळखी कथेस आजच्या मला काही विचारावयाचे आहे काय, एवढेच पाहावे. ही रीत माझी नव्हे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथास्पर्धा जाहीर केली, तेव्हा नारळीकरांची कीर्ती देशभर पसरलेली होती. परीक्षकांनी नावास भुलू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ‘कृष्णविवर’ ही कथा पत्नीच्या हातून लिहवून धाडली. कथेस पहिले पारितोषिक मिळाले, ते जगतापांना.